रक्तदाब चढला : घाई केव्हा, सबुरी केव्हा

(वार्षिक व्याख्यानमालेतील भाषण)



या व्यासपीठावरून आजवर संतसाहित्य, नाट्यसंगीत, होळकरांचा इतिहास अशा विषयांवर व्याख्यानं झाली आहेत. यंदा कार्यकारिणीने डॉक्टरला बोलावलं, आणि तेसुद्धा कॅज्युअल्टीत बरीच वर्षं काढलेल्या डॉक्टरला. विषय कोणता घेऊ, असं मी विचारलं तेव्हा सचिव म्हणाले, "आपल्या सभासदांची वयं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे विषय आपोआप सुचेल." त्यांनी सुचवलेला विषय मी घेतला आहे. पण मीठ कमी खा, रोज चाला, गोळ्या चुकवू नका, हे तुम्ही इतक्या वेळा ऐकलं आहे की मी पुन्हा सांगितलं तर तुम्ही माना डोलवाल आणि बाहेर पडल्यावर सेवेची पुडी घ्याल. इंदूरमध्ये राहून सेव सोडा म्हणण्याचं धाडस माझ्यात नाही. मी बोलणार आहे ते एका विशिष्ट तासाबद्दल. घरच्या यंत्रावर दोनशेच्या पुढचा आकडा उमटतो, आणि घरातलं प्रत्येक माणूस काहीतरी करायला धावतं, तो तास.

आपल्या घरांचं चित्र तुम्हाला ठाऊक आहे. राजेंद्रनगरला किंवा रामबागेत जुनं घर, मुलगा पुण्याला, मुलगी त्याहून लांब, घरात दोघंच. रक्तदाबाचं यंत्र मुलानेच वाढदिवसाला पाठवलेलं. रात्री साडेदहाला आजोबांना जरा डोकं जड वाटतं, म्हणून आजी पट्टा बांधतात. २०४ वर १०८. चुकलं असेल म्हणून लगेच पुन्हा बघतात, २१०. तिसऱ्यांदा २१६. आता आजींचे हात कापायला लागतात. मुलाला फोन जातो, तो तिकडून ओरडतो, शेजारचे काका येतात आणि म्हणतात, "ती जिभेखालची कॅप्सूल आहे ना घरात? टोचा आणि द्या, पाच मिनिटांत उतरेल." खरं आहे, उतरतं. आणि तीच भीतीची गोष्ट आहे.

आधी व्याख्या सांगून टाकते. वैद्यकशास्त्रात साधारण १८० वर १२० च्या पुढे गेलेल्या रक्तदाबाचे दोन अगदी वेगळे प्रकार मानतात. पहिल्यात त्या दाबामुळे एखाद्या अवयवाला त्या क्षणी इजा होत असते. मेंदू, हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं, डोळ्यांचे पडदे, महारोहिणी, यांपैकी कशाला तरी. ही खरी आणीबाणी. दुसऱ्यात आकडा तेवढाच असतो, कधी त्याहूनही मोठा, पण इजा कुठेच चालू नसते. दोन्हींचा आकडा सारखा, आणि उपचार मात्र जवळजवळ उलटे. दुसऱ्या प्रकाराला आम्ही वर्षानुवर्षं इंग्रजीत 'अर्जन्सी' म्हणत आलो. नावातच अर्जंट आहे म्हटल्यावर घाई होणारच. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२४ च्या आपल्या निवेदनात हा शब्द टाकून द्यावा असं सुचवलं, आणि मला ते मनापासून पटलं. तुम्ही साहित्याची माणसं आहात; एका चुकीच्या शब्दाने किती नुकसान होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

शब्दांवरून आठवलं. कारण सापडत नाही अशा रक्तदाबवाढीला अजूनही 'इसेन्शियल हायपरटेन्शन' म्हणतात. मूळ अर्थ 'आपला आपण उद्भवलेला, दुसऱ्या आजाराच्या पोटी न आलेला'. पण गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बऱ्याच डॉक्टरांच्या मनात त्याचा अर्थ 'आवश्यक' असाच बसला होता. म्हातारपणी रक्तवाहिन्या अरुंद होतात, त्यातून रक्त ढकलायला दाब वाढवावाच लागतो, तेव्हा त्याला हात लावू नये, असं चांगले नामवंत वैद्य सांगत. शिवाय हात लावायला औषधही नव्हतं.

त्याची किंमत काय होती, याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रूएन नावाच्या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासलं तेव्हा दाब १८६ वर १०८ होता आणि हृदय थकलेलं होतं. ब्रूएनपाशी होतं काय? डिजिटॅलिस, विश्रांती, कमी मीठ, वजन उतरवणं. अध्यक्षांचे मुख्य डॉक्टर कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते आणि ते बाहेर सांगत होते की प्रकृती वयाच्या मानाने उत्तम आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या परिषदेत हा माणूस चर्चिल आणि स्टॅलिन यांच्याबरोबर युद्धानंतरचा नकाशा ठरवत होता, तेव्हा त्यांचा दाब २६० वर १५० पर्यंत नोंदवला गेला. १२ एप्रिल १९४५ रोजी दुपारी जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे एक चित्रकर्ती त्यांचं चित्र काढत असताना त्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखतंय असं म्हटलं आणि ते कोसळले. ब्रूएनने घेतलेला दाब ३०० वर १९०. दोन-अडीच तासांत सगळं संपलं. मेंदूतला रक्तस्राव. ब्रूएनने हे सगळं आकड्यांनिशी १९७० मध्ये प्रसिद्ध केलं.

तेव्हा उच्च रक्तदाबाला भिऊ नका, असं मी म्हणत नाही. भ्यायलाच हवं. फक्त भीतीचं वेळापत्रक नीट समजून घ्यायला हवं.

औषधांच्या इतिहासातलं एक पान आपल्या जवळचं आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधा या आपल्या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरचा अनुभव मांडला. त्याआधी १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी याच मुळीबद्दल लिहिलं होतं, पण जगाचं लक्ष गेलं ते वकिलांच्या लेखाने. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्यातलं रेसरपिन वेगळं काढलं गेलं, आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. ते औषध आता मागे पडलं, माणसं त्याने उदास होत. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तोंडाने घेतलेल्या सर्पगंधेचा गुण दिसायला दिवस लागत, कधी आठवडे. रक्तदाबाच्या औषधाने मिनिटांत काम केलं पाहिजे अशी तेव्हा कुणाची अपेक्षाच नव्हती.

मग औषधं आली आणि ती खरोखर माणसं वाचवतात का, याची परीक्षा झाली. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांनी केलेला अभ्यास १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. ७३ जणांना औषध, ७० जणांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. औषध घेणाऱ्यांत गंभीर संकटं दोन, न घेणाऱ्यांत सत्तावीस. वैद्यकशास्त्रात इतका स्पष्ट निकाल क्वचित लागतो. आता हा अभ्यास दुसऱ्या बाजूने वाचा. खालचा दाब १२० च्या आसपास असलेल्या सत्तर माणसांना औषधच मिळालं नव्हतं. त्यांच्यावरची संकटं पहिल्या रात्री नाही आली, आठवड्याआठवड्यांनी, महिन्यामहिन्यांनी येत गेली. म्हणजे आजोबांचा तो २१६ चा आकडा धोक्याचा आहेच, पण त्या धोक्याचं मोजमाप महिन्यांत आहे. आणि आपण काय करतो? त्या रात्री पाच मिनिटांत तो उतरवायला धावतो आणि पुढचे सहा महिने विसरून जातो.

पाच मिनिटांत उतरवला तर बिघडतं काय, हे समजायला आपल्या नळाकडे बघू. नर्मदेचं पाणी जोरात आलं की आपण कॉक थोडा बंद करतो, मंद आलं की पूर्ण उघडतो. बादलीत धार सारखीच पडते. मेंदूच्या बारीक रोहिण्या हेच करतात. दाब वाढला की आकसतात, घटला की सैल होतात, मेंदूला रक्त मिळायचं तेवढंच मिळतं. ज्याचा दाब दहा-पंधरा वर्षं चढलेला आहे त्याच्या रोहिण्या जाड होतात आणि त्या वरच्या दाबालाच सरावतात. कॉक अर्धा बंद अवस्थेतच घट्ट झाला म्हणा ना. आता अचानक पाण्याचा जोर कमी झाला तर तो उघडत नाही आणि धार थांबते. डेन्मार्कच्या संशोधकांनी १९७३ मध्ये हे रुग्णांवर मोजून दाखवलं. निरोगी माणसाला काहीही होणार नाही अशा दाबाला या रुग्णांना गरगरायला लागलं.

थोडा हिशेब करू. २२० वर १२० असेल तर सरासरी दाब येतो १५३. खालचा आकडा दुप्पट करून त्यात वरचा मिळवायचा आणि तिनाने भागायचं. खरी आणीबाणी असली तरीसुद्धा, अपवाद सोडून, आमचा नियम असा की पहिल्या तासात हा सरासरी दाब पाव हिश्शापेक्षा जास्त उतरवायचा नाही. १५३ चा पाव हिस्सा गेला की ११५ उरतात, म्हणजे साधारण १६५ वर ९०. तिथे थांबायचं. पुढच्या दोन ते सहा तासांत १६० वर १०० च्या घरात, आणि मग एक-दोन दिवसांत हळूहळू आणखी खाली. नातेवाइकांना हवा असतो १२० वर ८०. तो आला तर सरासरी होते ९३, म्हणजे घट जवळजवळ चाळीस टक्क्यांची. मॉनिटरवर सुंदर दिसतं, आणि रुग्णाचा हात उचलेनासा होतो.

आता त्या कॅप्सूलविषयी. औषधाचं नाव निफेडिपिन. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ते आलं तेव्हा कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळायची पद्धत जगभर पसरली, आपल्याकडेही. गंमत अशी की ते तोंडातल्या त्वचेतून फारसं शोषलं जातच नाही. थुंकीबरोबर पोटात जातं आणि तिथून भसकन रक्तात उतरतं. किती उतरेल आणि कुठे थांबेल हे देणाऱ्याच्या हातात राहत नाही. सुटलेला बाण आहे तो. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, मृत्यू, असे अनुभव नोंदले गेले. १९९६ मध्ये ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जामा' या नियतकालिकात सरळ लिहिलं की हा प्रकार आता बंद करा. त्याला तीस वर्षं होत आली. आपल्या घरांतल्या ड्रॉवरमधून ती कॅप्सूल अजून गेलेली नाही. एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. दाब २१० होता, बाकी त्या हसत बोलत होत्या. एका दवाखान्यात त्यांना ती कॅप्सूल दिली गेली होती. तासाभराने ११० वर दाब आणि उजवी बाजू लुळी, अशा अवस्थेत त्यांना आमच्याकडे आणलं. सोबतचे चिरंजीव पुन्हा पुन्हा सांगत होते, "पण बी.पी. तर नॉर्मल आलं होतं!"

औषध वाईट आहे असं मात्र नाही. तेच निफेडिपिन गोळीच्या रूपात, गिळून, ठरलेल्या मात्रेत, नर्सच्या नजरेखाली दिलं की गरोदर स्त्रीचे प्राण वाचवणाऱ्या पहिल्या औषधांपैकी ते एक आहे. तिकडे मी येतेच आहे.

घाई कुठे करायची, हा व्याख्यानाचा दुसरा अर्धा भाग, आणि तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा. आज इथून कुणी 'डॉक्टरीणबाई म्हणाल्या घाबरायचं नाही' एवढंच घेऊन घरी गेलं तर माझं येणं फुकट गेलं.

तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, बोलणं अडखळलं, जीभ जड पडली. आपल्याकडे लकवा म्हणतात. अशा वेळी घरात कुणीतरी हमखास बी.पी. बघतं, ते दोनशे असतं, आणि सगळे म्हणतात की बी.पी. वाढल्यामुळे झालं, आधी बी.पी. उतरवा. इथे थांबा. मेंदूची रोहिणी गुठळीने बंद झाली असेल तर तिच्या पलीकडचा थोडा भाग मेलेला असतो, पण त्याच्याभोवतीचा मोठा भाग उपाशी असूनही जिवंत असतो. आजूबाजूच्या आडवाटांनी त्याला रक्त पोहोचावं म्हणून शरीराने स्वतःच दाब वाढवलेला असतो. तो पाडला तर आपण त्याच्या तोंडचा घास काढून घेतला. म्हणून गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायचं नसेल तर आम्ही २२० वर १२० पर्यंतच्या दाबाला सहसा हात लावत नाही. ते इंजेक्शन द्यायचं असेल तर मात्र आधी दाब १८५ वर ११० च्या खाली आणावा लागतो, नाहीतर रक्तस्रावाची भीती, आणि नंतर चोवीस तास १८० वर १०५ च्या आत ठेवावा लागतो. आणि गुठळी नसून रोहिणीच फुटली असेल तर? तर दाब तासाभरात १४० च्या आसपास आणायला आम्ही लागतो. माणूस तोच, वाकडं तोंड तेच, यंत्रावरचा आकडा तोच, आणि तीन वेगवेगळी उद्दिष्टं. कोणतं उद्दिष्ट धरायचं हे सी.टी. स्कॅन झाल्याशिवाय मलाही कळत नाही. मग शेजारच्या काकांना कसं कळणार? घरी करण्यासारखी गोष्ट एकच, घड्याळ बघणं. माणूस धडधाकट शेवटचा कधी दिसला ती वेळ लिहून ठेवायची आणि १०८ ला फोन करायचा. गुठळीच्या इंजेक्शनसाठी त्या वेळेपासून साडेचार तास असतात, आणि स्कॅन, तपासण्या त्यातच बसवायच्या असतात. तोंडात गोळी, पाणी, मध, काही घालायचं नाही. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं.

दुसरी आणीबाणी माहेरी आलेल्या मुलीची. हिच्याबद्दल जरा जास्त बोलणार आहे, कारण रक्तदाब म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर म्हातारा माणूस येतो, सत्तावीस वर्षांची मुलगी येत नाही. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर, आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंतसुद्धा, दाब चढून आकडी येऊ शकते. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास दाब सर्वांत वर जातो, म्हणजे नेमका रुग्णालयातून घरी आल्यावर. घर बारशाच्या गडबडीत. मुलगी म्हणते, डोकं फार दुखतंय. आपण म्हणतो, जागरण झालंय, वारा लागला असेल, डोक्याला रुमाल बांध, सुंठ उगाळून लावते. ती म्हणते, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. आपण म्हणतो, अशक्तपणा आहे, डिंकाचा लाडू खा. तिला वरच्या पोटात उजवीकडे दुखतंय, आपण ओवा देतो. श्रोतेहो, या तिन्हींपैकी एक जरी तक्रार असली तर आधी पट्टा बांधा. १६० वर ११० दिसला आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तेवढाच आला, तर ती आणीबाणी आहे. अर्ध्या ते एका तासाच्या आत औषध सुरू झालं पाहिजे, आणि आकडी टाळायला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन लागतं.

तुम्ही विचाराल, आजोबांच्या २१६ ला थांबा म्हणता आणि हिच्या १६० ला धावा म्हणता, हे कसं? कॉक आठवा. आजोबांचा कॉक वर्षानुवर्षं जोराच्या पाण्याला सरावलेला आहे. या मुलीचा दाब परवापर्यंत १०० वर ६० होता. तिच्या नाजूक रोहिण्यांना १६० म्हणजे पूर. मेंदूला सूज येते, रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आकड्याकडे एकटं बघून काही कळत नाही. तो कुणाचा आणि त्याच्याबरोबर काय चाललंय, ते बघावं लागतं. बाळंतिणीला भेटायला जाताना झबली-टोपडी नेता, त्याबरोबर घरातलं यंत्रही घेऊन जा, एवढं मी सासू-आयांना नेहमी सांगते.

आणखी दोन आणीबाण्या थोडक्यात. छातीतून पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये, फाडल्यासारखी कळ एकदम उठली, तर महारोहिणीचा आतला थर चिरत जात असू शकतो. दोन हातांतला दाब बऱ्याचदा वेगळा येतो. पाव हिश्शाचा नियम इथे लागू नाही. आधी नाडी साठच्या खाली आणि मग वरचा दाब १२० च्या खाली, तोही मिनिटांच्या हिशेबात. दुसरी, रात्री अचानक धाप लागून माणूस उठून बसतो, आडवा होऊ शकत नाही, खोकल्यातून फेस येतो. फुप्फुसांत पाणी भरत असतं. त्याला बळेच झोपवू नका, बसवून पाय खाली सोडा आणि गाडी बोलवा. गोंधळल्यासारखं बोलणं, उलट्या, झटके, दृष्टी एकदम अंधुक होणं, छातीवर दडपण, लघवी अगदी कमी होणं, हीही त्याच माळेतली लक्षणं.

यातलं काही नाही, आणि आकडा मात्र दोनशे? मग रुग्णालयात आल्यावर बऱ्याचदा आम्ही तुमच्या दृष्टीने काहीच करत नाही. तपासतो, डोळ्यांचा पडदा बघतो, कार्डिओग्राम, लघवी, क्रिएटिनिन बघतो, आणि एका शांत खोलीत बसवून ठेवतो. इटलीत अशा ५४९ रुग्णांची पाहणी झाली होती. जवळजवळ एक तृतीयांश लोकांचा दाब नुसत्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीने पुरेसा खाली आला. पण खुर्चीत बसवून ठेवण्याचे पैसे कोण देणार? नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, आकडा उतरल्याशिवाय आम्ही घरी नेणार नाही." तरुण डॉक्टर गांगरतो. उद्या काही झालं तर आपल्यावर येईल, म्हणून शिरेतून इंजेक्शन देतो. आकडा उतरतो, सगळे खूश, बिल होतं, आणि रुग्ण विनाकारण एका जोखमीतून जातो. इंजेक्शन कधीकधी रुग्णासाठी नसून सोबतच्या चार माणसांच्या भीतीसाठी असतं. यात दोष एकट्या डॉक्टरांचा नाही आणि एकट्या नातेवाइकांचाही नाही, पण तो प्रकार रोज चालतो.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने २०१६ मध्ये याचा मोठा हिशेब मांडला. दवाखान्यात १८० वर ११० किंवा त्याहून जास्त दाब सापडलेले अठ्ठावन्न हजारांवर रुग्ण, इजेची लक्षणं नसलेले. त्यांतले ४२६ जण रुग्णालयात पाठवले गेले. त्यांची तुलना तशाच प्रकृतीच्या, घरी पाठवलेल्या ८५२ जणांशी केली. पुढच्या सहा महिन्यांत झटके आणि पक्षाघात यांत फरक आढळला नाही. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोचली. सहा महिन्यांनंतरही दोन्ही गटांतल्या निम्म्याहून अधिक लोकांचा दाब ताब्यात आलेला नव्हता. धावपळ करून रुग्णालयात नेलं त्यांचाही नाही.

मग आकडा चढतो कशाने? आधी मोजण्यातच चूक असते. दंड जाड आणि पट्टा लहान असला की आकडा फुगतो. मनगटाच्या यंत्रावर माझा फारसा भरवसा नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. गप्प म्हणजे खरोखर गप्प, बोलण्यानेही दाब चढतो. आपल्या लोकांना हीच अट सर्वांत जड जाते. लघवीला लागलेली असेल तर आधी जाऊन या. प्रोस्टेटमुळे लघवी तुंबलेल्या गृहस्थांचा दोनशेचा दाब नुसती नळी घातल्यावर उतरलेला मी कित्येकदा पाहिला आहे. नाडी अनियमित असेल तर यंत्र चकतं, तेव्हा डॉक्टरांकडून हाताने मोजून घ्या.

त्यानंतरचं सर्वांत मोठं कारण म्हणजे चुकलेली गोळी. लग्नाला गेलो, पिशवी घरी राहिली. एकादशी होती, उपाशीपोटी कशी घ्यायची. बरं वाटत होतं म्हणून सोडली. क्लोनिडिनसारखी काही औषधं एकदम थांबवली तर दाब उसळी मारून पूर्वीपेक्षा वर जातो. गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, सर्दीची नाक मोकळं करणारी औषधं, पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांतला सोडा, हे सगळं त्यात भर घालतं. आणि आपल्या गाणाऱ्या मंडळींसाठी एक खास सूचना: घशासाठी ज्येष्ठमध सतत चघळत असाल तर तेही दाब वाढवतं. शरीरात मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम घालवतं.

तर ती रात्र पुन्हा आली आणि आकडा दोनशे दिसला, तर मी सांगितलेली लक्षणं एकेक करून विचारा. आजोबांना हसायला सांगा, दोन्ही हात उचलायला सांगा, एक सरळ वाक्य बोलायला सांगा. काही चुकलं तर १०८. सगळं ठीक असेल तर यंत्र बाजूला ठेवा, दिवा मंद करा, अर्ध्या तासाने एकदाच मोजा. रोजची गोळी राहिली असेल तर तीच द्या, दुप्पट नाही, आणि दुसऱ्याच्या डब्यातली तर मुळीच नाही. सकाळी आपल्या डॉक्टरांना फोन करा आणि चार-आठ दिवसांत जाऊन औषध बदलून घ्या. पुन्हा महिन्याने जा. कंटाळवाणं आहे, पण फ्राइस यांच्या त्या ७३ माणसांना वाचवलं ते याच कंटाळवाण्या गोष्टीने. खासगी डॉक्टरांकडे महिन्याला जाणं परवडत नसेल तर सरकारी आरोग्य केंद्रांत ही औषधं मोफत मिळतात. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्राबरोबर आपला मध्य प्रदेशही होता. तिथे जायला आपल्या लोकांना कमीपणा वाटतो. तो का वाटावा, हे मला कळलेलं नाही.

आज घरी गेल्यावर ड्रॉवर उघडून ती कॅप्सूल असेल तर काढून टाका. तिच्या जागी एक कागद ठेवा. त्यावर रोजच्या औषधांची नावं आणि मात्रा, नेहमीचा दाब किती असतो तो आकडा, कशाची ॲलर्जी आहे, डॉक्टरांचा आणि मुलाचा फोन. अक्षर मोठं काढा, आणि मराठीबरोबर हिंदी किंवा इंग्रजीतही लिहा. रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेल्या मुलाला मराठी वाचता येईलच असं नाही. तुमचा दाब एरवी १५० असतो की ११०, एवढं जरी त्याला कळलं तरी किती उतरवायचा आणि कुठे थांबायचं हे ठरवणं त्याला सोपं जाईल.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं आहे, आणि प्रश्नांच्या चिठ्ठ्या बऱ्याच आलेल्या दिसतात. पहिलीच चिठ्ठी ज्येष्ठमधाची आहे. तिच्यापासूनच सुरुवात करू.